गाडीले आवतन

१

माणसानं एक गाडी किती वर्षं ठेवावी, यावर आमच्या घरात तीन मतं होते. प्रेमिलाचं, म्हणजे माह्या बायकोचं मत असं, की अशी गाडी मुळात घेऊच नाही. नानाजींचं, म्हणजे माह्या वडलांचं मत असं, की मरेपर्यंत ठेवावी; कोणाच्या मरेपर्यंत ते त्यांनी सांगितलं नव्हतं. माहं मत कोणी विचारलं नाही, म्हणून मी ते रोज सांगत होतो.

गाडी लाल. दोन दारं, दोन सीटा, छत मागं दुमडते. मागच्या बंपरची खालची कड जमिनीपासून एकोणीस सेंटिमीटर आणि समोरची साडेअकरा. हे आकडे मी अंदाजानं सांगून नाही राहिलो. मी, गिरिधर लांजेवार, तीस वर्षं वजनमापे निरीक्षक होतो. बाजारात मी दिसलो की वांगेवाला सुद्धा तराजूले नमस्कार करे. सक्करदऱ्याच्या स्पीडब्रेकरवरून गाडी तिरपी नेली नाही, तं खालून असा आवाज येते की बाजूच्या पानठेल्यावरचे लोक डोळे मिटून घेते.

मिहानच्या सरकारी प्रकल्पात आमचं वावर गेलं आणि मोबदला आला, तेव्हा ती घेतली. धाकट्या भावानं मानेवाड्यात दोन मजले बांधले, मी ही लाल बाई घरी आणली. नातेवाईक म्हणाले, गिरिधरचं डोस्कं फिरलं. फिरलंच होतं. रोज सकाळी सात वाजता चहा झाला की मी ओल्या कपड्यानं आणि मग कोरड्या कपड्यानं तिले पुसतो. पुसून झालं की आत बसतो, पट्टा लावतो आणि दहा मिनिटं नुसता समोरच्या भिंतीकडं पाहतो. चालू करत नाही. हे पंधरा वर्षं चाललं.

यंदा ते पंधरा वर्षं भरले. आरटीओच्या पुस्तकात गाडीची मुदत संपत आली, आणि त्याच सुमारास प्रेमिलाच्या टोंगळ्यांची, म्हणजे गुडघ्यांचीही संपली. धंतोलीच्या डॉक्टरनं दोन्ही टोंगळे बदलायचे ठरवले, गणपती उठले की येणाऱ्या सोमवारी. वरून सांगितलं, की त्यानंतर चार महिने बुटक्या सीटवर बसायचं नाही, आणि आठवड्यातून तीनदा व्यायामाले यायचं. पोर्चमध्ये जागा एकाच गाडीची. म्हणजे लाल गाडी गेल्याशिवाय उंच गाडी येत नाही, आणि उंच गाडी आल्याशिवाय प्रेमिला चालत नाही.

"पोळा झाला की विकतो," मी म्हटलं.

"कॅलेंडरवर लिहा," प्रेमिला म्हणाली. मी लिहिलं.

२

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं खांदा शेकायची रीत. ज्या खांद्यावर वर्षभर जू असते, त्याले पळसाच्या पानानं हळद-तूप चोळायचं, आणि बैलाले हात जोडून म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. दुसऱ्या दिवशी तो सजून-धजून दारात येते, त्याले पुरणपोळी चारायची. एवढंच.

आमच्या घरी हे पंधरा वर्षं झालं नव्हतं. वावराचा ताबा द्यायचा होता, गोठा पडणार होता, म्हणून कबऱ्या आणि बांड्या, नानाजींची जोडी, मी बाजारात नेऊन विकली. पोळ्याच्या आठ दिवस आधी. आठ दिवस थांबता आलं असतं, पण मले ऑफिसातून सुट्टी मिळत नव्हती. त्या पोळ्याले नानाजी ताट घेऊन दारात उभे राहिले, आणि मग ताट घेऊन आत आले. बोलले काही नाही. पुढं पंधरा वर्षं बोलले नाही.

यंदा मात्र पोर्चमधल्या लोखंडी खुर्चीवर बसून ते म्हणाले, "पंधरा वर्षं झाले गा, कोणाचा खांदा शेकला नाही. दावणीले जे आहे त्याचा तरी शेक."

नानाजी शहाऐंशीचे. म्हटलं, म्हाताऱ्याचं मन राहते. आणि खरं सांगतो, मलेही ते करायचंच होतं. हा गाडीचा आपल्या घरचा शेवटचा पोळा. वाटीत तूप घेतलं, हळद कालवली, पळसाचं पान आणलं आणि समोरच्या दोन्ही चाकांच्या वरचा पत्रा, जो गाडीचा खांदा म्हणता येईन, तो चांगला चोळून दिला. मग हात जोडले.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

स्वयंपाकघराची खिडकी पोर्चमध्येच उघडते. प्रेमिला आतून हसली. "येणार असन तं आत्ताच सांगा. कणीक जास्तीची भिजवाव लागन."

दुसऱ्या दिवशी पोळा. पण धंतोलीच्या डॉक्टरनं तपासण्यांसाठी तोच दिवस दिला होता. भाऊ येऊन नानाजींले दिवसभरासाठी मानेवाड्याले घेऊन गेला. आम्ही दोघं ऑटोनं नऊ वाजता निघालो, नंबर त्रेचाळिसावा लागला, आणि घरी आलो तेव्हा पाच वाजून गेले होते. येतानी आणलेले आलूबोंडे खाल्ले आणि पडलो. घराले दिवसभर कुलूप होतं. आपण कोणाले जेवाले बोलावलं आहे, हे कोणाच्या ध्यानातही नव्हतं.

३

त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे मारबतीची मिरवणूक निघते त्या सकाळी, मी नेहमीसारखा गाडी पुसाले बसलो. मागच्या बंपरची खालची कड पुसायची तं मले उकिडवं बसून हनुवटी गुडघ्याले लावावी लागते. पोट मधे येते, श्वास कोंडते, तोंडातून आपोआप एक शिवी निघते. पंधरा वर्षं निघाली आहे.

त्या दिवशी निघाली नाही. कड पुसून झाली आणि मी उठलो. दोन पावलं गेल्यावर ध्यानात आलं, की हनुवटी गुडघ्याले लागलीच नाही.

माह्याजवळ पोलादी घडीची मोजपट्टी आहे, रिटायर होतानी सहकाऱ्यांनी दिलेली. लावली. एकवीस. पुन्हा लावली. एकवीस.

आता वजनमाप्यातला माणूस असं झालं तं गाडीवर संशय घेत नाही, पट्टीवर घेते. मी दुसऱ्या पट्टीनं मोजलं. मग पट्टी बरोबर आहे का ते पाहाले नानाजींले भिंतीले उभं करून त्यांची उंची मोजली, कारण ती मागच्याच महिन्यात डॉक्टरनं लिहून दिली होती. बरोबर भरली. चाकातली हवा पाहिली, होती तेवढीच. फरशी कुठं खचली का म्हणून त्यावर पाणी ओतून पाहिलं.

"हे काय करून राहिले तुम्ही सकाळी सकाळी?" प्रेमिलानं खिडकीतून विचारलं.

"फरशीचा उतार पाहून राहिलो."

"पंधरा वर्षानं?"

मी मिस्त्रीले फोन लावला. रुपराव, या गाडीले हात लावू देतो असा मले एकच माणूस. तो म्हणाला, "भाऊ, जुनी गाडी खाली बसते. स्प्रिंग थकते. वर येत नाही कधी. आली असन तं चुप राहा, आन् मजा करा."

मी चुप राहिलो. मजा काही केली नाही.

४

गाडी चालवून आणून बंद केली की तिचं लोखंड थंड होतानी आवाज करते, टिक, टिक, टिक. गाडी ठेवणाऱ्या प्रत्येकाले तो माहीत असते. मले तो आवडते. दिवसभर राबून आलेला गडी सावलीत बसला आहे असं वाटते.

मारबतीनंतर तिसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता आम्ही जेवाले बसलो, आणि खिडकीबाहेर तो आवाज आला. टिक. टिक. मी वरणभात कालवत होतो. दोन-तीन घास गेले आणि आठवलं, की गाडी पोळ्याच्या आधीपासून चालूच केलेली नाही.

हात धुवून बाहेर गेलो. बोनेटवर तळहात ठेवला. बोनेट कोमट होतं. ऊन असन म्हणून वर पाहिलं. आमचा पोर्च पूर्वेकडं आहे, दुपारी तिथं सावली असते, नानाजी तिथंच झोपते. पण हवा गरम होती, ऑगस्टचा उकाडा होता, पत्रा तापतेच. असं मी स्वतःले सांगितलं, आणि आत येऊन ताक प्यालो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा एक वाजता. तिसऱ्या दिवशी आमचं जेवण उशिरा झालं, पावणेदोनले, तं आवाजही पावणेदोनले आला. ताटं मांडली की सुरू व्हायचा, ताटं उचलली की थांबायचा.

आणि रोज सकाळी मी मोजायचो. तेवीस. साडेचोवीस. सव्वीस. अठ्ठावीस. समोरची कड मात्र साडेअकराच, तसूभर हलली नाही. गाडी नाक खाली घालून, पाठ वर करून उभी दिसायची. मी आकडे कॅलेंडरच्या मागच्या बाजूले लिहून ठेवत होतो. एक दिवस प्रेमिलानं ते पाहिले.

"हे काय आहे? तुमची साखर का काय?"

"गाडी आहे."

"वाढून राहिली का?"

"हो."

तिनं माह्याकडं पाहिलं, मग कॅलेंडरकडं, आणि कॅलेंडर सुलट करून खिळ्याले लावलं. त्या रात्री माह्या पोळीले तूप नव्हतं.

५

गणपती बसून चार दिवस झाले, त्या दिवशी नानाजी पोर्चमध्ये सुपारी कातरत बसले होते. मी पट्टी घेऊन गाडीमागं.

"किती झाली?" ते म्हणाले.

"काय किती?"

"मले दिसते गा. डोळ्यात मोतीबिंदू आहे, डोक्यात नाही. मागून उठून राहिली ते."

मी पट्टी खिशात टाकली. "नानाजी, स्प्रिंगचा प्रॉब्लेम आहे तो."

"घोडा समोरून उठते," नानाजी म्हणाले. "बैल मागून उठते. आधी मागचे पाय टेकते, पाठ वर करते, थोडा वेळ टोंगळ्यावर तसाच राहते. मग समोरून उठते. तू वजनं-मापं केले, ढोरं केले नाही. तुले काय माहीत?"

"गाडी काहून उठन?"

"तू आवतन दिलं ना. बसल्या बसल्या जेवाले कसं येईन?" त्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "म्हातारं झालं आहे. वेळ लागते उठाले. मलेही लागते."

मले राग आला. मी सरकारी माणूस. तीस वर्षं मी लोकांले सांगितलं, की डोळ्याले दिसते त्यावर जाऊ नका, काट्यावर जा. आणि माहाच बाप मले सांगते की लोखंडाचा डबा पुरणपोळी खायले उठून राहिला. मी तसं बोललोही, जरा जास्तच बोललो.

नानाजींनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरं. पण पोळ्याच्या दिवशी ते येऊन गेलं असन, आन् घराले कुलूप होतं. आता जेवू घाल, मग वीक. आवतन दिलेलं उपाशी बाजारात नेत नाही कोणी." आणि मग, सुपारीच्या अडकित्त्याकडं पाहत, "एकदा केलं ते पुष्कळ झालं."

पंधरा वर्षानं ते बोलले, ते एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरची कड मोजली. चौदा.

६

गाडी घेणारा सापडला होता. ऋषिकेश म्हणून, तिशीचा, वाडीले गोडाऊन आहे त्याचं, ट्रकांच्या गर्दीत. जुन्या नादाच्या गाड्या घेते आणि पुण्या-मुंबईच्या शौकिनांले विकते. मूळचा काटोलकडचा, घरी अजून संत्र्याची बाग आहे. गुरुवारी सकाळी आला, गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि थांबला.

"काकाजी, उंच करून घेतली का हो?"

"थोडी," मी म्हटलं.

"फोटोत तं अशी दिसत नव्हती."

आम्ही चक्कर माराले निघालो, तो चालवाले, मी बाजूले. गल्लीतून बाहेर पडलो आणि गाडी ओढेचना. ऋषिकेशनं पाय दाबला, आवाज वाढला, वेग वाढला नाही. तिसरा गिअर घेतच नव्हती. मेडिकल चौकात मागच्या ऑटोवाल्यानं हॉर्न वाजवून वाजवून आमच्या दोघांच्या सात पिढ्या उद्धारल्या.

"ब्रेक धरते वाटते," ऋषिकेश म्हणाला. त्यानं चौकातून गाडी वळवली, तोंड घराकडं, सक्करदऱ्याकडं झालं, आणि गाडी अशी सुटली की माहं डोकं मागं आदळलं. स्पीडब्रेकर आले. ती सरळ गेली, तिरपी नाही, आणि खालून काही लागलं नाही. मी ऋषिकेशच्या पायांकडं पाहिलं. दोन्ही पाय मागं, सीटजवळ होते.

पोर्चमध्ये आल्यावर त्यानं चावी काढली. मग हसला.

"आमच्या घरी एक बैल होता, काकाजी. वावरात जातानी असा जाय जशी त्याची मयत आहे. घराकडं तोंड केलं की पळे. त्याले दुसऱ्यानं विकत नेला, तं तीनदा परत आला." तो पुन्हा हसला. मी हसलो नाही.

"मग घेता का नाही?"

"घेतो ना. चालवून नाही नेत, ट्रेलर आणतो. रविवारी चार वाजता, कागदं घेऊन."

प्रेमिला काठी टेकत दारात उभी होती. चार पावलं चालून आली होती आणि तिच्या कपाळावर घाम होता. मी म्हटलं, "या. रविवारी चार वाजता."

त्या दुपारी जेवतानी आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

७

शनिवारी दुपारी प्रेमिलानं मले हाक मारली. स्वयंपाकघराले पोर्चमध्ये उघडणारं एक दार आहे, केराच्या डब्यासाठी आणि गॅसच्या सिलिंडरसाठी. ती त्या दारापाशी उभी होती आणि चौकटीकडं पाहत होती.

चौकटीच्या दोन्ही बाजूंच्या लाकडाले हळद-तूप लागलेलं होतं. बोटानं लावलेलं नाही, घासलेलं. एखादं रुंद काही दारातून आत शिराले गेलं आणि दोन्हीकडून अडलं, असं. मी पट्टी काढली. खालून एकशे बत्तीस सेंटिमीटर, दोन्ही बाजूंले सारखं. तिसऱ्यांदा मोजलं तरी तेवढंच.

"नानाजींचा हात लागला असन," मी म्हटलं.

"मामाजींचा हात छातीच्या वर जात नाही. केसं मी विंचरून देते त्यांचे." प्रेमिला सासऱ्याले मामाजी म्हणते.

"मग तुह्याच हाताले असन हळद. स्वयंपाक करतानी."

प्रेमिला या घरात सगळ्यात शहाणी आहे आणि तिले ते माहीत आहे, म्हणून ती भांडत नाही. तिनं काठी भिंतीले टेकवली, स्टुलावर बसली आणि आपले दोन्ही टोंगळे हातानं दाबत म्हणाली, "ऐका. सोमवारी मले भूल देणार आहेत. मी तिथं पडली राहीन आन् इथं मामाजी एकटे. तेव्हा हे घरात आलेलं मले चालणार नाही. जे काय असन, ते मी घरात असतानी येऊन जेवून जाऊ द्या. उद्या पुरण घालते."

"मी गाडीले पुरणपोळी चारणार नाही. लोक काय म्हणतीन?"

"लोकांले नाही बोलावलं," प्रेमिला म्हणाली.

तिले ऑपरेशनची भीती होती, आणि आता या दुसऱ्या गोष्टीचीही होती, आणि दोन्ही तिनं एकटीनं धरून ठेवल्या होत्या. मले लाज वाटली. मी डाळ निवडाले बसलो.

८

रविवारी बारा वाजता स्वयंपाकघरात तिघांची ताटं मांडली. नानाजी पाटावर, प्रेमिला टोंगळ्यांमुळं स्टुलावर, दोघांची तोंडं पोर्चच्या दाराकडं. मी त्यांच्या समोर पाटावर, पाठ दाराकडं. चौथी एक मोठी पितळी परात माह्या उजव्या हाताले, दारापासून हातभर. तिच्यात अकरा पुरणपोळ्या, वर तूप. दार उघडं ठेवलं होतं. मी ठेवलं नाही, प्रेमिलानं ठेवलं.

बाहेर टिक टिक सुरू झाली. आम्ही जेवाले लागलो. पुरण चांगलं झालं होतं, पण मी एकच घास तुपात फिरवत होतो.

मग आवाज थांबला.

ताटं उचलली नव्हती. अर्धीही संपली नव्हती. मी घास हातात धरून ऐकत राहिलो. फरशीवर काहीतरी टेकलं, जड आणि हळू. मग दुसरं. चौकटीचं लाकूड करकरलं. खोलीत उजेड कमी झाला, आणि जो उरला तो भिंतीवर लालसर पडला. पेट्रोलचा वास आला, आणि त्याच्या खाली दुसरा एक वास, ओल्या कडब्याचा, जो माह्या नाकानं पंधरा वर्षांत घेतला नव्हता.

नानाजी आणि प्रेमिला दोघंही माह्या डोक्याच्या वर पाहत होते. मग त्यांची नजर अजून वर गेली.

"या," नानाजी म्हणाले. त्यांनी डाव्या हातानं आपलं धोतर सारखं केलं.

मले मागं वळून पाहता आलं असतं. तीस वर्षं मी प्रत्येक गोष्ट पाहून, तोलून, शिक्का मारून मग खरी मानली. आता फक्त मान वळवायची होती. मी समोरच्या वाटीतल्या कटाच्या आमटीकडं पाहत राहिलो. माह्या मानेवर गरम श्वास पडत होता, तो खूप मोठा होता. परातीतून ओला, चपचप असा आवाज येत होता. प्रेमिला स्टुलावरून उठली, काठी न घेता, आणि परातीत अजून एक पोळी टाकून परत बसली. तिचे डोळे वाहत होते.

"विचार गा," नानाजी मले म्हणाले. "जायचं का राहायचं, ते विचार. मागच्या टायमाले विचारलं नाही."

पाहुण्याले कधी जाता म्हणून विचारायचं नसते, हे लहान लेकरालेही कळते. तरी मी विचारलं. वाटीकडं पाहतच विचारलं, आणि माहा आवाज एवढा बारीक निघाला की मले तो माहा वाटला नाही. "जाता का राहता? राहिले तं किती दिवस?"

माह्या मानेवर वजन आलं. हळूच ठेवल्यासारखं, ओळखीनं. लाकडाचं होतं, आडवं, दोन मानांच्या मापाचं. अकरा-बारा किलो असन, त्यात माही चूक होत नाही. उजवीकडं कमी भरत होतं, कारण डाव्या बाजूले माही मान होती आणि उजव्या बाजूले दुसऱ्या कोणी तरी ते उचलून धरलं होतं.

मी घास तोंडात घातला. दुसरं काय करता येते अशा वेळी, मले माहीत नाही.

९

ऋषिकेश चार वाजता ट्रेलर घेऊन आला. गाडी पोर्चमध्ये होती, जिथं असते तिथंच. चारही बाजूंनी उंच, सरळ, पाठ आणि नाक एका रेषेत. त्यानं तिच्याकडं पाहिलं, मग माह्याकडं.

"काकाजी, मानेले काय झालं?"

"लचकली," मी म्हटलं. "गाडी नाही विकत मी. तुमच्या चकरेबद्दल माफ करा."

"गुरुवारी तं हो म्हटलं तुम्ही."

"नाही म्हणते ना ते," प्रेमिला दारातून म्हणाली. मग ती पोर्चमध्ये उतरली, गाडीचं डावं दार उघडलं आणि आत बसली. कण्हली नाही, काठी मागितली नाही. खुर्चीवर बसावं तशी बसली आणि पदर आत ओढून घेतला. दोन वर्षांत ती त्या गाडीत बसली नव्हती. बसली की चेहऱ्यावर आनंद यावा, तो काही आला नाही. ती बसून माह्याकडं पाहत राहिली, जसं दवाखान्यात भरती झालेल्या माणसाकडं पाहते.

सोमवारी त्याच गाडीतून तिले धंतोलीले नेलं. टोंगळे चांगले बसले. व्यायामाले आठवड्यातून तीनदा नेतो, त्याच गाडीतून. मधल्या काळात आरटीओत जाऊन मुदत वाढवून आणली. तपासणाऱ्या साहेबांनी गाडीभोवती चक्कर मारली, खाली वाकून पाहिलं, म्हणाले छान ठेवली, आणि पाच वर्षं लिहून दिले. मी विचारलं, त्यानंतर? ते म्हणाले, त्यानंतर पुन्हा पाहू, चालली तं चालली. कोण, ते मी विचारलं नाही.

मी आता मोजत नाही. पट्टी नानाजींले दिली, ते तिनं पाठ खाजवते. सकाळी सात वाजता मी गाडी पुसतो, आत बसतो, पट्टा लावतो आणि दहा मिनिटं भिंतीकडं पाहतो. भिंतीकडं म्हणजे भिंतीच्या खालच्या भागाकडं. मान तेवढीच उचलली जाते.

धंतोलीले जातानी गाडी हळू जाते, लोक हॉर्न वाजवते. येतानी सक्करदऱ्याचा तलाव दिसला की मी पाय काढून घेतो. मले रस्ता अर्धाच दिसते, पण तिले पूर्ण माहीत आहे.

"मान वर करा ना," परवा प्रेमिला बाजूच्या सीटवरून म्हणाली. "लोक पाहून राहिले."

मी करून पाहिली. झाली नाही.

"दुखते का?"

"नाही. जड आहे."

तिनं माही मान चोळाले हात पुढं केला, आणि तो मानेच्या चार बोटं वरच थांबला. तिनं थोडा वेळ तिथंच आडवं चाचपून पाहिलं. मग हात मांडीवर परत घेतला, पदराले पुसला, आणि आम्ही घरी आलो.